जपानच्या राजाच्या पेट्या आणि आमचा पितळी डबा

जपानच्या राजघराण्याकडे तीन वस्तू आहेत. एक आरसा, एक तलवार आणि एक रत्न. या तीन वस्तू ज्याच्याकडे, तो राजा. गंमत अशी की त्या कुणी पाहिलेल्याच नाहीत. प्रजेने नाही, प्रधानाने नाही आणि खुद्द राजानेही नाही. आरसा एका देवळात, तलवार दुसऱ्या देवळात आणि रत्न राजवाड्यात, सगळं कापडात गुंडाळून पेटीत बंद. तलवार म्हणे कधीकाळी एका लढाईत समुद्राच्या तळाशी गेली. मग आज जी आहे ती कुठली, बुडाली ती खरी होती की नक्कल, यावर तिकडचे विद्वान अजून भांडतात. एका जुन्या राजाने रत्नाच्या पेटीची दोरी सोडायला घेतली, तर आतून पांढरा धूर निघाला. त्याने घाबरून दोरी परत बांधली. तेव्हापासून ती बांधलेलीच आहे.

मला हे कसं माहीत, तर मी पोटासाठी जपानी बोलते. ओतूरजवळच्या आमच्या वस्तीवरून पुण्याला जाऊन जपानी शिकलेली मी पहिली, आणि आजवर तरी शेवटचीच. चाकणकडच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं दुभाषी होते. आता आठवड्यातून दोन दिवस अवसरीला जाऊन पोरापोरींना जपानी शिकवते. उरलेले दिवस वस्तीवर असते, आणि वस्तीचं मत विचाराल तर तिथे सगळ्यांशी भांडते.

काही वर्षांपूर्वी जपानचा म्हातारा राजा गादीवरून उतरला आणि त्याचा मुलगा बसला. त्या समारंभाचं चित्रण आमच्या जपानी साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत मला मोबाईलवर दाखवलं. काळ्या कोटातली माणसं जड पावलांनी येतात, हातात कापडात गुंडाळलेल्या पेट्या. त्या नव्या राजासमोर ठेवतात, तो त्यांच्याकडे नुसता बघतो, झालं. काही मिनिटांचा कारभार. मी विचारलं, "राणी कुठे आहे?" साहेब म्हणाले, "राजघराण्यातल्या बायका या प्रसंगाला आत नसतात." मी म्हटलं, "का बरं?" ते म्हणाले, "पूर्वीपासून." मग मी दुसरा प्रश्न विचारला. कुणी पाहिलंच नाही, तर आत काही आहे हे कशावरून? साहेबांनी डब्यातला भात संपवला, झाकण लावलं आणि म्हणाले, "पाहिलं, तर तो फक्त एक आरसा उरेल."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून ठेवलं आणि पुढे दरवर्षी वर्गात ऐकवलं. आज त्याच वाक्याचा मला राग येतो. का येतो, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

आमच्या वस्तीवर विहार आहे. विटांचा, पत्र्याचा, पुढे सिमेंटचा ओटा. आत बुद्धाची मूर्ती आणि मूर्तीच्या पायाशी एक कडीचा पितळी डबा. झाकणाच्या कडेने लाख ओतून तो बंद केलेला आहे. वस्ती त्याला कलश म्हणते. म्हणू द्या, पण आहे तो डबाच, भाकरी ठेवतात तसला. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षेला गेले आणि येताना तिथल्या मैदानातली माती घेऊन आले, ती या डब्यात आहे असं आमच्या घरात सांगतात. शेजारच्या घरात सांगतात की आत पिंपळाचं पान आहे. तिसऱ्या घरात, कसलासा सहीचा कागद आहे. आजोबांना जाऊन एवढी वर्षं झाली की भांडण मिटवणारं कुणी उरलं नाही. दरवर्षी विजयादशमीला, म्हणजे दीक्षेच्या दिवशी, सगळी वस्ती पांढरे कपडे घालते, डबा विहारातून निघतो, गल्लीतून पिंपळापर्यंत जातो आणि परत येतो. मग खीर.

डबा कुणी उचलायचा, याचा नियम माझ्या लहानपणी नव्हता. जो पुढे असेल तो उचले. मग कुणी म्हणालं, हात धुऊन उचला. ठीक आहे, धुवावेतच हात. मग म्हणाले, जड आहे, पुरुषांनी उचलावा. आमच्या बाया टोमॅटोचे क्रेट डोक्यावर घेऊन बांधाबांधाने जातात, त्यांना भाकरीचा डबा जड! पण कुणी बोललं नाही. मग कधीतरी ठरलं की अडचणीतल्या बाईने त्याच्या जवळ जाऊ नये. कोण कधी अडचणीत आहे हे विचारत कोण बसणार, म्हणून शेवटी सगळ्याच बायकांनी जाऊ नये असं झालं. कुणी ठरवलं, कुठल्या सालात, विचाराल तर कुणाला सांगता येणार नाही. साहेब म्हणाले तसंच, पूर्वीपासून. ज्या विटाळाला लाथ मारून आमची माणसं नागपूरला गेली, तो विटाळ एका डब्याच्या कडीला धरून मागच्या दाराने घरात आला होता. मला हे दिसत होतं आणि तरी मी वर्षानुवर्षं मूग गिळून बसले, हेही लिहायला हवं.

हे सगळं जिच्यामुळे हललं ती माझी आत्या. वय पंचाहत्तरच्या आसपास. दिली होती पिंपरी पेंढारला. नवरा लवकर गेला तशी माहेरी आली आणि दुसऱ्यांच्या कांद्यात, टोमॅटोत राबून स्वतःच्या पायावर राहिली. गेली चाळीस वर्षं विहार तीच झाडते. किल्ली तिच्या कमरेला. रोज सकाळी ओटा धुते, मूर्ती पुसते, मेणबत्ती लावते आणि डब्याभोवती झाडू फिरवते, डब्याला हात न लावता. ज्या बापाने तो आणला त्याची ती एकुलती एक जिवंत लेक.

गेल्या उन्हाळ्यात ती भाजीत दोनदा मीठ घालायला लागली आणि उंबऱ्याला ठेचाळायला लागली, म्हणून मी तिला मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जमेल तेवढी टिकवायची, त्यासाठी थेंब. आत्याने विचारलं, "किती दिस टिकंल?" ते म्हणाले, "आजी, ते मला सांगता येणार नाही."

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. नारायणगाव गेलं. मग म्हणाली, "पोरी, मला त्या डब्यात काय हाय ते बघायचंय."

"कुठल्या?"

"कुठल्या काय इचारतीस. माझ्या बापाच्या. डोळं हायेत तवर बघायचंय. मंग गेलं तरी चालत्याल."

मी म्हटलं, बघशील. इतकं सोपं वाटलं मला ते.

विहार समितीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ आहे. माझ्याहून थोरला, मी त्याला दादा म्हणते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला, सज्जन, नाकासमोर चालणारा. रविवारी पोरांना वंदना शिकवतो, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचून त्याचा अर्थ सांगतो. वस्तीतला एकही माणूस त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही, मी धरून. मी त्याला आत्याचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "समितीपुढं मांड." म्हणजे नाही.

मी मांडलं. वर्षावासातला रविवार होता, वंदना झाली होती, पुरुष पुढे सतरंजीवर, बाया मागे दाराशी. मी उभी राहून सांगितलं की आत्याची नजर जात चालली आहे, तिची एवढीच इच्छा आहे, लाख काढू, पाहू, परत बंद करू. शिवाय बाईने हात लावायचा नाही हा नियम धम्मात कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवा. थोडी कुजबुज झाली. दादा शांतपणे म्हणाला, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. बंद हाय म्हणून लोक हात जोडत्यात. उघडलं की संपलं."

मला वाटलं, हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं आहे. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो पडला नसता तर बरं झालं असतं.

मी त्यांना जपान सांगितलं. तीन वस्तू, पेट्या, समुद्रात गेलेली तलवार, पांढरा धूर, बाहेर ठेवलेली राणी, सगळं. चांगलं रंगवून सांगितलं, शिकवायची सवय आहे. हेतू हा की लोक हसतील. कुणी न पाहिलेल्या आरशापुढे राजा मान झुकवतो आणि त्याच्या बायकोला आत येता येत नाही, केवढा हा वेडेपणा, आणि तोच आपण करतोय, असं त्यांना वाटेल. मी बोलायची थांबले. मग पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला, "आयला! जपानमधीबी असंच हाय व्हय?"

"मंग आपलं बरूबरच हाय की राव!" दुसरा म्हणाला.

"जपान म्हंजी बौद्ध राष्ट्र. त्यांना कळत नसंल का?"

आमच्या लोकांना जपान म्हणजे मोठ्या घरी पडलेली बहीण. तिच्याकडे जे चालतं ते बरोबरच असणार. घरोघरी भिंतीवर जपानच्या बुद्धमूर्तीचं कॅलेंडर, लेण्याद्रीला जपानी पाहुणे आले की त्यांच्याबरोबर फोटो. त्या बहिणीच्या घरातली ही गोष्ट मी, तिची भाषा शिकून आलेली, स्वतःच्या तोंडाने सांगत होते. मी ओरडून सांगितलं की अहो, ते त्यांच्या जुन्या देवांचं आहे, त्याचा बुद्धाशी काही संबंध नाही. ऐकतो कोण. एकाने उठून माझे आभार मानले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवडाभरात ओट्यावर फ्लेक्स लागला. 'जपानच्या धर्तीवर पवित्र कलशाचे जतन.' खाली एका देवळाचा फोटो, तोही चीनमधल्या. त्यानंतर काचेचं कपाट आलं, त्यात डबा गेला, कपाटाला कुलूप लागलं. काचेवर लाल अक्षरात पट्टी चिकटवली, 'महिलांनी हात लावू नये.' इतकी वर्षं जे नुसतं बोलण्यात होतं ते माझ्या भाषणाने लिहून झालं. आत्या आता डब्याभोवती झाडूसुद्धा फिरवू शकत नव्हती.

तिच्यापुढे जायची मला लाज वाटली. दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी तीच आली, भिंतीला हात लावत लावत. म्हणाली, "तुझ्या जपाननं लई काम केलं बघ." आणि हसली. मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडाया काय झालं? अजून दिसतंय मला."

दिसत होतं, पण रोज थोडं कमी. श्रावणात तिला समोरचा माणूस मधोमध दिसे आणि कडा जात. भाद्रपदात ती मेणबत्ती स्टँडच्या शेजारी लावायला लागली. मेण ओट्यावर सांडायचं आणि मग तीच गुडघ्यावर बसून ते नखाने खरवडायची. मी थेंब घालायचे तेव्हा ती मान वर करून, डोळे ताणून छताकडे बघायची आणि पत्र्याच्या खिळ्यांबद्दल बोलायची. आज तीन दिसले. आज दोन.

मी काहीही करायला तयार होते. एक दिवस भर दुपारी तिला म्हटलं, "विहाराची किल्ली तुझ्या कमरेला आहे. कपाटाची मागच्या खिळ्याला असते, ती तुला माहीत आहे. आत्ता सगळी वस्ती रानात आहे. चल. पाच मिनिटांचं काम. मेणबत्तीने लाख मऊ करू, बघू, परत लावून टाकू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हिची नजर कुठे गेलीये.

"चोरून बघायचं असतं तर चाळीस वर्सं थांबली असती का मी? रोज एकलीच असायची तिथं. दार लावलं असतं नि बघितलं असतं."

"मग का नाही बघितलंस?"

"मी काय चोर हाय? माझ्या बापाचं हाय ते. मला सगळ्यांदेखत बघायचंय. उजेडात."

मी आयुष्यभर हट्टी म्हणवून घेतलं, पण माझा हट्ट म्हणजे आवाज. तिचा हट्ट वेगळा होता. त्या दिवसापासून मीही ठरवलं, जे होईल ते सगळ्यांदेखत.

दादा मला ओतूरच्या बाजारात भेटला, एसटी स्टँडसमोर. मी तोंड फिरवून चालले होते, तर त्यानेच हाक मारली आणि चहाला बसवलं. मग हळूच म्हणाला, "ताई, रिकामा निघाला तर?"

मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस घाबरलेला आहे.

"लहानपणापास्नं बघतोय मी त्यो डबा. पोरांना सांगतो, आपल्या आज्यांनी, पणज्यांनी काय केलं ते. आन् उघडला नि आत काहीच नसलं, किंवा काहीतरी भलतंच असलं... पोरांना काय सांगू मी?"

"रिकामा निघाला तर रिकामा होता म्हणून सांग," मी म्हणाले. "आजोबा नागपूरला गेले ते डब्यासाठी गेले होते का?"

त्याने चहा पूर्ण प्यायला आणि माझ्या पिशव्या स्वतः उचलून एसटीत ठेवल्या.

विजयादशमीच्या सकाळसाठी मी भाषण लिहून काढलं. दोन पानं. जपानचं नावही नव्हतं त्यात. आत्याने ठेवणीतली पांढरी साडी नेसली. मी तिला हाताला धरून विहारात आणलं आणि दाराशी न बसवता सरळ पुढे नेलं, काचेच्या कपाटासमोर. लोक सरकले, कारण आंधळेपणाकडे झुकलेल्या म्हातारीला अडवणार कोण. कपाट उघडलेलं होतं, मिरवणूक निघायची होती. दादाने वंदना सुरू केली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदना. सगळ्यांचा एक आवाज, पत्र्यावर घुमणारा. संपलं तशी मी कागद उलगडला आणि उठायला लागले. आत्याने माझ्या गुडघ्याला असा चिमटा काढला की मी खाली बसले.

ती स्वतः उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली. वस्तीत सगळेच त्याला दादा म्हणतात, तीही. "मघाशी धम्मवंदनेत तू म्हणलास त्यो शब्द, एहिपस्सिको. त्याचा अर्थ काय?"

दादा गोंधळला. "आत्या, आत्ता?"

"आत्ताच. वर्षावासात तूच सांगितलास. मी दाराशी बसून ऐकला. मोठ्यानं सांग, पोरं हायेत."

दादा खोटं बोलू शकत नाही, ही त्याची अडचण आहे. त्याने घसा साफ केला. "भगवंतांचा धम्म कसा हाय, तर... ये आणि पाहा, असा. कुणी सांगितलं म्हणून मानू नको. ये, आणि आपल्या डोळ्यांनी पाहा."

"मंग मी आले," आत्या म्हणाली. "दाखव."

मागून कुणीतरी धीर करून म्हणालं, "पर आत्या, जपानमधी..."

"तिथं राजा हाय!" आत्या वळलीसुद्धा नाही. "त्याची गादी हाय त्या पेट्यांवर. त्यानं झाकू दे न्हाईतर पुरू दे. आपल्यात कोण राजा हाय? सांगा की. कुणाची गादी जातीया?"

मी माझी दोन पानं घडी करून पिशवीत टाकली. असं बोलायला मला जन्मात जमलं नसतं.

दादा उठला. मला वाटलं, बाहेर निघून जाणार. त्याने डबा कपाटातून काढला, दोन्ही हातांनी, आणि ओट्यावर उन्हात नेऊन ठेवला. आत्याला उजेड हवा होता हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मग त्याने मेणबत्ती मागितली. लाख तापवून, सुरीच्या टोकाने कडेकडेने ती उकलली. झाकण निघेना. त्याने डबा आत्यापुढे सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तूच काढ."

आत्याने कडी धरली आणि जोर लावला. झाकण सुटलं तेव्हा ते गडगडत ओट्याच्या पायरीवरून खाली गेलं. कुणी उचलायला गेलं नाही.

धूर निघाला नाही. जुन्या पितळेचा वास आला फक्त. ज्या बाया आजवर दाराशी बसल्या होत्या त्या उठून ओट्यावर आल्या, आणि कुणी त्यांना मागे हो म्हणालं नाही. आत एक गाठोडं होतं, मुठीएवढं. कधीकाळी पांढरं असलेलं, आता चहाच्या रंगाचं कापड. आत्याने ते बाहेर काढलं, डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग परत जवळ. तिला नीट दिसत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला थांबवलं. तिचा अंगठा कापडाच्या कडेवरून फिरायला लागला. एका बाजूला बारीक काठ विणलेला होता. तिथे तो अंगठा थांबला. मागे गेला. परत पुढे आला.

"हे लुगड्याचं हाय," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. दादा म्हणाला, "काय?"

"पदर हाय ह्यो. आईचा."

ती खाली बसली, ओट्यावरच, गाठोडं मांडीत घेऊन. "नागपूरला जाताना दोघांनी पांढरं घेतलं व्हतं. अण्णांनी, म्हंजी बापानं, धोतर नि आईनं लुगडं. मला नेलं न्हाई, मी पाच-सहा वर्साची आसन. आली तवा त्या नव्या लुगड्याच्या पदराचं टोक न्हवतं. कापल्यालं. मी इचारलं, कुठं गेलं? तर म्हणली, पडलं कामी. मरंस्तवर तसंच नेसली ती. टोक न्हाई, तसंच."

आमच्या घरात आजवर सांगत आले होते की आजोबांनी माती आणली. आजीही बरोबर होती, पण ती नुसती 'बरोबर' होती, सामानासारखी. त्या गर्दीत मैदानावर वाकून माती उचलली ती तिने. ठेवायला काही नव्हतं म्हणून बायका जे करतात तेच तिने केलं, पदराला गाठ मारली. मग घरी आल्यावर ती गाठ सोडायला तिचा जीव झाला नसेल. तिने गाठीसकट पदरच कापला आणि घरातला भाकरीचा डबा रिकामा केला. आणि आम्ही त्या डब्यापुढच्या काचेवर लिहिलं होतं, महिलांनी हात लावू नये. दादाने चष्मा काढला होता आणि तो पुसतच राहिला.

"गाठ सोडायची?" त्याने विचारलं. आता तो आत्यालाच विचारत होता.

"बघाया आलीय ना मी," आत्या म्हणाली. तिने नख लावून पाहिलं, सुटेना. मग तोंडाजवळ नेऊन दातांनी ओढली. जवळजवळ सत्तर वर्षांची गाठ, सुटली. आत माती होती. काळी, सुकलेली, थोडे खडे, एक गवताची काडी. बाकी काही नाही. आत्याने चिमूट उचलून तळहातावर पसरली आणि हात उन्हात धरून खूप वेळ पाहिलं. मग ती चिमूट शेजारच्या बाईच्या हातात दिली. तिने पुढच्या बाईला. अशी ती सगळ्या बायांच्या हातातून फिरली, मग पुरुषांच्या, शेवटी दादाच्या, आणि त्याने ती परत आणून पदरात ठेवली. आमच्या साहेबांचं वाक्य तेव्हा मला आठवलं. पाहिलं तर ती फक्त माती उरेल. हो, माती उरली. आणि ती कुणी उचलली होती ते आत्ता कुठे कळलं.

आत्याने गाठ परत बांधली, गाठोडं डब्यात ठेवलं. झाकण आता घट्ट बसेना, तसंच टेकवलं. मिरवणूक अजून निघायचीच होती. दरवर्षी डबा उचलणारी माणसं जागच्या जागी उभी होती. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. आत्या उठली, पदर खोचला, डबा कमरेवर घेतला, पाण्याची कळशी घ्यावी तसा. मी तिचा हात धरायला गेले तर तिने कोपराने मला ढकललं. पायरीच्या कडेला पाय चाचपत ती क्षणभर थांबली.

"वाटंत कोण उभं असंल त्यांनी सरा," ती म्हणाली. "मला दिसत न्हाई."

सगळे सरले.